आत माणसं हायेत

“दार उघडू नका, आत माणसं हायेत.”

आमच्या गल्लीत भर दुपारी हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, शेजारचे काका बाथरूममध्ये फिल्म धूत बसले आहेत. बाथरूम ते केवढं, चार बाय सहाचं. त्यात एक बादली, एक पाट, तीन स्टीलचे गंज, म्हणजे उभी पातेली, आणि स्वतः काका एवढं मावल्यावर आणखी माणसं कुठे बसणार, असा प्रश्न नव्या माणसाला पडायचा. आम्हा जुन्यांना पडत नसे. काकांच्या हातात तीन हात लांबीची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म असायची, तिच्यावर छत्तीस फोटो असायचे, आणि त्या फोटोंतली माणसं अजून उजेडात यायला तयार झालेली नसायची. त्या माणसांची काळजी काकांना बाहेरच्यांपेक्षा जास्त वाटे. घरात बाथरूम एकच असल्यामुळे बाहेरच्यांत मुख्यतः काकूच असायच्या.

मी यवतमाळच्या एका शाळेत गणित शिकवतो. काकांच्या आणि माझ्या घराची मधली भिंत एकच आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे सांगतोय त्यातलं निम्मं पाहिलेलं आणि निम्मं भिंतीतून ऐकलेलं आहे. तुम्हालाही असा एखादा शेजारी असेलच. नसेल तर तुमची भिंत जाड आहे.

काका सरकारी दवाखान्यांत एक्स-रे टेक्निशियन होते. जिल्हाभर बदल्या झाल्या आणि जिथे गेले तिथे त्यांनी लोकांना आतून पाहिलं. आपण माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, काका फासळ्यांवरून ओळखत. एकदा आम्ही एसटी स्टँडवर उभे होतो. समोर राजूरच्या खाणीतून रिटायर झालेले एक गृहस्थ गाडीची वाट पाहत होते. काका त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे असे टक लावून बघायला लागले की त्या माणसाने खिसा घट्ट धरला.

“डाव्या बाजूची सहावी फासळी,” काका म्हणाले. “सायकलवरून पडलते ना तुमी?”

“पडलतो. पण तुमी कोन?”

“तुमचा फोटो काढलता म्या. चांगला आलता.”

तो माणूस गाडीत बसेपर्यंत काकांकडे वळून वळून पाहत होता. काकांना मात्र जुना मित्र भेटल्याचा आनंद झाला होता.

पुढे एक्स-रे कॉम्प्युटरवर निघायला लागले आणि दवाखान्यातली अंधारखोली बंद पडली. तिच्यात सलाइनची खोकी रचली गेली. काका रिटायर झाले तेव्हा साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? काकांनी अंधारखोलीच्या दारावरचा लाल दिवा मागितला. शाल आणि नारळ एका हातात, तो दिवा दुसऱ्या हातात, असे ते घरी आले आणि दुसऱ्या दिवशी दिवा बाथरूमच्या दारावर बसवून टाकला. आत काम सुरू असलं की बाहेर लाल दिवा लागायचा.

“कलेक्टरच्या गाडीवरचा लाल दिवा सरकारनं काढला,” ते म्हणायचे, “पण माह्या बाथरूमवरचा काढायची कोनाची हिंमत नाही.”

“हिंमत मले आहे,” काकू आतल्या खोलीतून म्हणायच्या, “पण मले आंगोळ करायची आहे, भांडन नाही.” मग टॉवेल आणि साबणाची डबी घेऊन त्या आमच्याकडे यायच्या. आमच्या बाथरूममध्ये काकूंच्या साबणाला कायमची जागा होती.

फिल्म धुवायचे बंद डबे मिळतात. ते असले की सगळं काम उजेडात करता येतं. काकांना ते मान्य नव्हतं. डबा म्हणजे लेकरांचे खेळ, असं त्यांचं मत. ते झरोक्याला रजई ठोकत, दाराच्या फटीत चिंध्या कोंबत आणि मिट्ट अंधारात फिल्मची दोन्ही टोकं दोन हातांत धरून ती गंजातल्या पाण्यातून खाली-वर ओढत. पहिल्या गंजात डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं औषध. दुसऱ्यात साधं पाणी. तिसऱ्यात हायपो. हायपो उमटलेलं चित्र पक्कं करतो. हायपो मिळाला नाही तर फिल्म उजेडात येताच काळी पडत जाते, आणि वर्षभर काढलेली माणसं डोळ्यांदेखत जातात.

आता अंधारात घड्याळ कसं दिसणार? काका पाढे म्हणायचे. बेपासून पंधरापर्यंत डेव्हलपर, सोळापासून तीसपर्यंत हायपो. सगळी गल्ली दुपारची झोप सोडून ते पाढे ऐकायची. एकोणतीसला काका हमखास अडकायचे. मग मी भिंतीच्या अलीकडून ओरडायचो, “एकोणतीस आठे दोनशे बत्तीस.”

“राहू दे मास्तर,” पलीकडून यायचं, “थोडा जास्त येळ झाला त काई बिघडत नाही.”

दुसरी अडचण उन्हाळ्याची. आमच्याकडे मे महिन्यात टाकीच्या पाण्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते. असल्या पाण्यात फिल्मवरचा थर सुटून येतो. म्हणून काका कोपऱ्यावरच्या रसवंतीवरून बर्फ आणत आणि तिन्ही गंज गार करून घेत. ही बर्फाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काकांच्या फिल्मवर सगळी गल्ली येऊन गेली होती. मी आहे, आमची ही आहे, दूधवाला आहे, त्याची म्हैससुद्धा तीन वेळा आहे. फक्त काकूंचा एकही धड फोटो नव्हता. म्हणजे फोटो शेकडो होते, पण सगळ्यांत काकू ओठ घट्ट मिटून उभ्या. एरवी ही बाई अशी हसायची की आमच्या मांडणीतल्या ताटल्या वाजायच्या. कॅमेरा दिसला की मात्र दुकानाचं शटर पडावं तसं तोंड बंद.

कारण काकूंनीच एकदा माझ्या बायकोला सांगितलं. त्यांचे समोरचे दोन दात जरा पुढे आहेत. लग्नात फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि सगळ्या मांडवात ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “वहिनी, तोंड मिटा.” लोक हसले. एकोणीस वर्षांच्या त्या नवरीने तोंड मिटलं ते कॅमेऱ्यासमोर पुन्हा उघडलंच नाही. काकांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी कॅमेरा घेतला तो याच कारणासाठी. बाकीची गल्ली त्यांनी त्या निमित्ताने काढली, असं म्हटलं तरी चालेल.

काकूंना हसताना पकडायला काकांनी काय नाही केलं? तुळशीमागे दबा धरला. पाय घसरल्याचं सोंग केलं आणि खरोखरच घसरले. एकदा हेल्मेट घालून, टॉवेल नेसून स्वयंपाकघरात शिरले. काकू पोट धरून खाली बसल्या. काकांनी कॅमेरा उचलला, तर हेल्मेटची काच मध्ये आली आणि डोळा कॅमेऱ्याला लागेना. हेल्मेट काढेपर्यंत काकूंचं शटर पडलं होतं.

मग काकांच्या डोळ्यांचं निघालं. मी त्यांना घेऊन नागपूरच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. डोळ्याचा पडदा आतून खराब होत चालला होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू समोरचं दिसेनासं होईल, कडेचं तेवढं राहील. परत येताना काका बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. पलीकडे कपाशीची पऱ्हाटी, तूर, मग पुन्हा पऱ्हाटी.

“अंधाराची मले सवय आहे, मास्तर,” ते शेवटी म्हणाले. “पण दिसते तवर तिचा एक हासता फोटो पाह्यजे. मंग लाइट गेली त गेली.”

मी त्यांना शेंगदाणे दिले आणि त्यांनी ते खाल्ले.

आता माझा पराक्रम ऐका. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी शाळेच्या कामाने नागपूरला निघालो. काकांनी सांगितलं, केमिकलच्या दुकानातून अर्धा किलो हायपो आणजो. काकूंनी सांगितलं, तिकडे खडीसाखर चांगली भेटते, शनिवारी बायकांचं भजन आमच्याकडे आहे, परसादाले अर्धा किलो आणजो. तुम्ही हायपो पाहिला नसेल तर सांगतो. पांढरे, काचेसारखे, हरभऱ्याएवढे खडे. खडीसाखर तुम्ही पाहिलीच आहे. दोन्ही दुकानदारांनी सारख्याच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत माल देऊन वरून गाठ मारली. केमिकलवाल्याने पिशवीवर चिठ्ठी चिकटवली होती, ती एसटीतल्या उकाड्यात कुठेतरी गळून पडली.

घरी पोचलो तेव्हा दोन हातांत दोन पिशव्या होत्या आणि कोणती कुठली हे मला ठामपणे माहीत होतं. चाखून पाहावं असं क्षणभर वाटलं. पण दोनपैकी एक औषध, म्हणजे निम्मा धोका. मी गणिताचा माणूस, निम्मा धोका कशाला पत्करू? एक पिशवी काकांना दिली, एक काकूंना दिली आणि आंघोळीला गेलो.

शनिवारी दुपारी भजन झालं. मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे कडक बाई. टाळ चुकला तर डोळ्यांनी शिक्षा करणाऱ्या. काका कोपऱ्यात कॅमेरा घेऊन बसले होते, पण त्यांच्याकडे आता कोणी लक्ष देत नसे. प्रसाद वाटला, फुटाणे आणि खडीसाखर. पहिला मान अध्यक्षीणबाईंचा. त्यांनी चांगला मोठा खडा निवडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग डोळे उघडले. मग ते भरून आले. खारट, कडसर, जिभेला गारठा आणणारी अशी ती चव होती. मी हे खात्रीने सांगतो, कारण तोपर्यंत माझ्याही तोंडात खडा होता.

प्रसाद थुंकता येत नाही. अध्यक्षीणबाईंनी तो गिळला. गळ्यातून खडा खाली जाताना बाहेरून दिसला. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, “छान आहे.”

अध्यक्षीणबाईंनी छान म्हटल्यावर बाकीच्या बारा बायका काय बोलणार? एकेक जण खडा तोंडात टाकायची, तिचा चेहरा वाकडा व्हायचा आणि ती म्हणायची, छान आहे. काकू ताट घेऊन मधोमध उभ्या. पाचव्या बाईपर्यंत त्यांनी धीर धरला. सहावीने छान म्हणताना उचकी दिली आणि काकू फुटल्या. मान मागे टाकून, सगळे दात उघडे टाकून हसल्या. हातात ताट असल्यामुळे पदर तोंडाशी नेता आला नाही.

कोपऱ्यात खटका वाजला.

“आला,” काका माझ्या कानाशी म्हणाले. “मास्तर, आला.”

खडीसाखरेबद्दल मी मोठ्या आवाजात सांगून टाकलं की नागपूरच्या दुकानदाराने तुरटी मिसळलेली दिसते. सगळ्यांना ते पटलं, मलासुद्धा. उरलेल्या प्रसादाच्या पुड्या बांधून बायका आपापल्या घरी घेऊन गेल्या.

रविवारी दुपारी लाल दिवा लागला. आत जाण्यापूर्वी काका मला म्हणाले, “भिंतीपाशी बस. एकोणतीसवर ध्यान ठेव.” मी खुर्ची भिंतीला लावून बसलो. बे एके बे सुरू झालं. पंधरा झाले, पाणी खळाळल्याचा आवाज आला, सोळा झाले. सतरा नव्वे त्रेपन्नासे ठणठणीत ऐकू आलं. मग अठरा पाचे नव्वद म्हटलं आणि पाढा थांबला.

अठराला काका कधी थांबत नसत. मी उठून त्यांच्या घरात गेलो. काकू बाथरूमच्या दारापाशी आधीच येऊन उभ्या होत्या.

“मास्तर,” आतून आवाज आला.

“काय काका?”

“हे गोड आहे.”

“काय गोड आहे?” काकूंनी विचारलं.

“हायपो. बोटं चिकट लागली म्हून चाखून पाह्यलं.”

एरवी हे होण्यासारखं नव्हतं. खरा हायपो पाण्यात विरघळला की पाणी आपोआप गार पडतं, एवढ्यावरून काकांना कळलंच असतं. पण पाण्यात बर्फ होता. गार पाणी गारच लागलं.

काकू हळूहळू म्हणाल्या, “अन् काल परसाद कडू होता.”

मग काका म्हणाले, “म्हंजे अध्यक्षीणबाईनं माहा हायपो खाल्ला.”

“त्यानं मानसाले काई होते काय?”

“एवढुशानं काई होत नाही. उलट पक्क्या झाल्या. आता उन्हात काळ्या पडत नाहीत.”

काकूंना हसू आलं, पण ते लगेच गेलं, कारण काकांचा आवाज बदलला होता. “ऐकून राह्यली का? तू इथं आहे, माह्या हातात. हायपो नाही भेटला त दार उघडलं का गेली.”

रविवार. नागपूर तीन तासांवर. यवतमाळात कोणाकडे हायपो असण्याची शक्यता नाही, कारण असले उद्योग करणारा शहरात दुसरा माणूस नाही. मी दारापाशी उभा होतो. दोन्ही पिशव्या कोणी आणल्या होत्या, हे मला आता अगदी स्वच्छ कळलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “माह्याच हातानं पिशव्या बदलल्या असतीन.” मी तोंड मिटलं.

मग काकू म्हणाल्या, “परसाद कोनी फेकत नसते. चाल.”

एवढ्या वर्षांत मी लोकांना प्रसाद वाटताना पाहिलं आहे, परत मागताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. भर उन्हात काकू पुढे, वाटी घेऊन मी मागे. आणि खरंच, कोणीही फेकला नव्हता. चव कशीही असली तरी प्रसाद तो प्रसाद. एकीने देवघरात पितळी वाटीत ठेवला होता. एकीने तुळशीत टाकला होता, तो आम्ही मातीतून वेचला. एकीने ओट्यावर उघडाच ठेवला होता आणि त्याला मुंगीही शिवली नव्हती. खडीसाखरेला मुंगी का लागत नाही, हा विचार एवढ्या घरांत एकाही माणसाला आला नव्हता, आणि त्या घरांत माझंही घर होतं.

मोठी पुडी अध्यक्षीणबाईंकडे होती. ती त्यांनी मुकुटबनला विहीणबाईंकडे पाठवायला बांधून ठेवली होती. चव कळल्यावर बांधली होती की आधी, हे मी विचारलं नाही.

“देवाचा दिलेला परत मागते काय?” त्या म्हणाल्या.

मला वाटलं काकू काहीतरी बहाणा करतील. काकूंनी सरळ सांगितलं, “माहा फोटो अडकला आहे. त्यायचे डोळे जाऊन राह्यले. त्यायले माहा एक हासता फोटो पाह्यजे होता, तो काल निंघाला. हे नाही भेटलं त जाते.”

अध्यक्षीणबाई बघत राहिल्या. “हासता? तुहा?” म्हणाल्या. मग आत गेल्या आणि पुडीच नाही, तर स्वतःच्या देवघरातले चार खडेही घेऊन आल्या. विहीणबाई वाचल्या.

ओट्यावर बसून आम्ही फुटाणे बाजूला काढले. वाटी भरली. इकडे काका दीड तास त्या भट्टीत फिल्म पाण्यात धरून बसले होते. तीसपर्यंत पोचून पुन्हा बेपासून सुरू करत होते. आम्ही परतलो तेव्हा तिसऱ्यांदा तेविसावर आले होते आणि आवाज बसला होता.

आता वाटी आत कशी द्यायची? दार किलकिलं केलं तरी उजेड जाणार. घरातली सगळी दारं लावली, खिडक्यांवर सतरंज्या टाकल्या. एवढं करूनही फटीतून ऊन येतच होतं. मग काकूंनी डोक्यावरून गोधडी घेतली, वाटी पोटाशी धरली, मी वरून दुसरी गोधडी टाकली, आणि तसंच ते गाठोडं दारातून आत सरकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण लाल दिवा लागलेला असताना काकू त्या दारातून पहिल्यांदाच आत गेल्या होत्या.

“कुठी आहात?”

“इथंच. पाय जपून ठेव, गंजात जाशीन.”

“काईच नाही दिसत.”

“दिसत नसते. टाक पान्यात. बर्फ नाही, टाकीचंच पानी आहे.”

खडे पडल्याचा आवाज आला. हात घालून ढवळल्याचा आवाज आला. मग काकूंचा आवाज, अगदी लहान मुलीसारखा. “अवं माय. पानी गार पडलं.”

“हा खरा हायपो,” काका म्हणाले.

सोळापासून पाढे पुन्हा सुरू झाले, या वेळी दोन आवाजांत. काकूंचं शिक्षण सातवीपर्यंत, पण अठरा त्यांना काकांपेक्षा बरे येत होते. एकोणतीसवर दोघेही चुकले. दोघेही आत हसायला लागले. मी बाहेर गोधडीचं टोक धरून उभा होतो. दोनशे बत्तीस माझ्या ओठांवर होतं, पण मी काही बोललो नाही. थोडा जास्त वेळ झाला तर काही बिघडत नाही.

दार उघडलं तेव्हा दोघंही घामाने निथळत होती. काकांनी अंगणात जाऊन ओली फिल्म उन्हात धरली आणि डोळा अगदी जवळ नेऊन एकेक फोटो सरकवला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काकूंचे केस पांढरे, चेहरा काळा, आणि ते दात काळेकुट्ट.

“भुतीन दिसून राह्यली,” काकू म्हणाल्या.

“लय सुंदर,” काका म्हणाले. त्यांनी आयुष्यभर माणसं उलटीच पाहिली होती.

तो फोटो त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरएवढा मोठा करून आणला आणि समोरच्या खोलीत लावला. काकूंनी आठ दिवस त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला. नवव्या दिवशी टॉवेल धुवायला गेला आणि परत आला नाही.

चूक कोणाची, हे काकांनी कधीच विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. फक्त तेव्हापासून एक नवीन खोड सुरू झाली. मी त्यांच्याकडे गेलो की काका खिशातून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, “घे मास्तर, तपासून घे.” मी हसून खायचो. गल्लीत तो किस्सा सगळ्यांच्या तोंडी होता, त्यामुळे मला वाटायचं ही सर्वांसाठीची थट्टा आहे.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. समोरचं दिसेनासं झालं, कडेचं राहिलं. कॅमेरा कपाटात गेला. मी जायचो तेव्हा काका त्या फोटोपाशी उभे असायचे, पण त्याच्याकडे तोंड करून नाही. मान खिडकीकडे, खांदा फोटोकडे. पाहणाऱ्याला वाटावं, नवराबायकोचं बिनसलंय. एकदा मी तसं म्हटलं.

“रुसलो नाही,” काका म्हणाले. “पाहून राह्यलो. समोरून पाह्यलं का ती गायब होते. असं तिरपं झालं का पुरी दिसते, दातासकट.”

मागच्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. तेरवीला अध्यक्षीणबाईंनी भजन केलं आणि प्रसाद वाटताना स्वतः आधी चाखून पाहिला. कोणी हसलं नाही. मला फार जड गेले ते दिवस. भिंतीशी खुर्ची तशीच होती आणि पलीकडून काहीच येत नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी मी काकूंकडे बसलो होतो. आता सांगून टाकावं असं मनाने घेतलं. म्हटलं, “काकू, त्या पिशव्या मीच बदलल्या होत्या. तुम्ही उगाच स्वतःवर घेतलं.”

काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, दुखावल्या. परत आल्या त्या डबा घेऊन.

“मले माईत आहे,” त्या म्हणाल्या. “त्यायलेही माईत होतं. आतून निंघायच्या आधीच अंधारात सांगलं त्यायनं मले. दोन्ही पिशव्या आननारा एकच मानूस, दुसरं कोन करन म्हने.”

“मग मला बोलले काहून नाही?”

“मी म्हटलं होतं, बोला त्याले. त म्हने, त्याच्यानं चूक झाली म्हून तू हासली. माह्यानं एवढ्या वर्सांत नाही झालं ते त्यानं येका पुडीत केलं. त्याले कायले शरमिंदा करायचं? साखर खाऊ घालत जाऊ त्याले जलमभर.” काकूंनी डबा खाली ठेवून त्यातला एक खडा माझ्या हातावर ठेवला. “घे मास्तर, तपासून घे.”

मी तो तोंडात टाकला. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही, पण तो पाहून काकू हसल्या. मान मागे टाकून, ताटल्या वाजवणारं ते जुनं हसू. दोन्ही हात मोकळे होते, तरी पदर तोंडाकडे गेला नाही.

सवयीने माझी नजर कोपऱ्याकडे गेली. तिथे कोणी कॅमेरा घेऊन बसलं नव्हतं. माझे डोळे भरून आले होते आणि समोरचं काही नीट दिसेना. म्हणून मी मान खिडकीकडे वळवली, जरा तिरपा झालो आणि कडेने पाहत राहिलो. काकू हसतच होत्या.